ब्रह्मपुरीचे थर आणि इतिहासाच्या सनावळ्या

महाराष्ट्रातील शेतकरी गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग पूर्वापार मानत आला आहे. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची. एकाच जागी शेकडो वर्षे घरे उभी राहिली, पडली, त्यांच्या मातीवर पुन्हा नवी घरे बांधली गेली, चुलींची राख, सारवणाचे पोपडे, फुटकी खापरे, जनावरांची हाडे आणि भिंतींची माती एकमेकांत मिसळत गेली, म्हणजे त्या जागेचा रंग बदलतो आणि भोवतालच्या शिवारापेक्षा ती उंच होऊन तिचे टेकाड बनते. पुरातत्त्वज्ञ ज्याला प्राचीन वसाहतीचे स्थळ म्हणतात, त्याला गावकरी साध्या शब्दात पांढर म्हणतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेली ब्रह्मपुरी ही अशीच एक पांढर असून तिच्या पोटात सातवाहन काळापासून शिलाहार, बहमनी आणि त्यानंतरच्या काळापर्यंतच्या वस्तीचे अवशेष एकावर एक साठलेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख धीरजलाल सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर प्राचीन कालगणनेविषयी जे वाद गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहेत, त्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रश्न या पांढरीशी किंवा महाराष्ट्रातील तिच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या पांढरीशी येऊन भिडतो.

या वादांचा पाया असलेला नियम अगदी साधा आहे. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये खडकांच्या संदर्भात तो मांडला आणि पुढे पुरातत्त्वाने तो उचलला: थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. पण वस्तीच्या टेकाडात थर विस्कटलेले नसणे हाच अपवाद असतो. धान्य साठवण्यासाठी माणसे जमिनीत खोल पेवे खणतात, त्यामुळे बहमनी काळातील खापर सातवाहन थराच्या पातळीवर जाऊन बसते. नव्या घराच्या पायासाठी जुन्या भिंतींच्या विटा उपसून नेल्या जातात आणि त्या जागी मागे उरलेला चर वरच्या मातीने भरतो. उंदीर-घुशींची बिळे तर सर्वत्र असतात. म्हणूनच १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी किती खोलीवर वस्तू सापडली हे नोंदवण्याची जुनी पद्धत मोडून काढली आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर मातीचा रंग, पोत आणि कठीणपणा पाहून प्रत्येक थर वेगळा ओळखावा, त्याला क्रमांक द्यावा आणि वस्तू त्या क्रमांकाने नोंदवावी असा आग्रह धरला. दहा फुटांवर सापडलेली वस्तू आठ फुटांवरच्या वस्तूपेक्षा जुनी असेलच असे नाही. ती कोणत्या थरात आहे, हे महत्त्वाचे.

तथापि थर कितीही काळजीपूर्वक वाचला तरी तो आधी काय आणि नंतर काय एवढेच सांगतो. वर्ष सांगत नाही, आणि दोन थरांत किती काळ गेला हे त्याच्या जाडीवरून काढू पाहणारा हमखास फसतो. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. अशा पुराचा गाळ काही दिवसांत वीतभर साचू शकतो, तर ओस पडलेल्या वस्तीवर शंभर वर्षांत बोटभर मातीही न चढणे शक्य असते. थरांच्या क्रमाला सनाची जोड द्यायची तर बाहेरचा साक्षीदार लागतो. तो नाण्याच्या, कोरीव लेखाच्या, परदेशी वस्तूच्या किंवा प्रयोगशाळेत मोजलेल्या कोळशाच्या रूपाने येतो. कालगणनेचे बहुतेक वाद थरांविषयी नसून या बाहेरच्या साक्षीदारांविषयी असतात, हे ध्यानात घेतले तर पुष्कळ गोंधळ टळतो.

ब्रह्मपुरीचा साक्षीदार म्हणजे सातवाहनकालीन नाणी, आणि त्यांची कथा विलक्षण आहे. कोल्हापूर परिसरात शिसे आणि पोटीन या मिश्रधातूची जी नाणी सापडतात, त्यांवर धनुष्यबाणाच्या चिन्हाभोवती वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर अशी तीन राजांची नावे ब्राह्मी लिपीत आहेत. यांतील काही नाणी आधीच्या राजाच्या नाण्यावर नंतरच्या राजाने आपला छाप पुन्हा मारून काढलेली आहेत. असे नाणे म्हणजे तळहातावर मावणारे उत्खननच होय. खालचा छाप आधीचा, वरचा नंतरचा, आणि येथे पेव नाही की घूस नाही, त्यामुळे या तीन राजांचा क्रम कोणत्याही टेकाडापेक्षा अधिक खात्रीने लागतो. सन मात्र येथेही मिळत नाही. तो मिळतो तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास लिहिणाऱ्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराकडून, कारण त्याने हिप्पोकुरा या नगरात बलेओकुरोस नावाचा राजा राज्य करीत असल्याचे नोंदवले आहे आणि हा बलेओकुरोस म्हणजे विळिवायकुर असावा, ही ओळख फार पूर्वी पटवली गेली. टॉलेमीने पैठणचा राजा म्हणून पुळुमावीचे आणि उज्जैनचा राजा म्हणून चष्टनाचेही नाव दिलेले असल्यामुळे कोल्हापूरची ही नाणी दख्खनच्या आणि माळव्याच्या इतिहासाशी एका सूत्रात बांधली जातात.

परंतु हे सूत्र ज्या खुंटीला टांगले आहे ती खुंटीच हलती आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. म्हणजे गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, हे निर्विवाद. नहपानाचा जावई उषवदात याचे नाशिकच्या लेण्यांतील लेख ४१, ४२ आणि ४५ या वर्षांचे आहेत आणि जुन्नरचा अमात्य अयम याचा लेख ४६ या वर्षाचा आहे. ही वर्षे कोणत्या गणनेतील? ती इ.स. ७८ मध्ये सुरू झालेल्या शक संवताची मानली तर नहपान इ.स. १२४ पर्यंत येतो आणि गौतमीपुत्राचा विजय त्याच सुमारास पडतो. पाठ्यपुस्तकांतील सनावळ्या प्रामुख्याने याच हिशेबावर उभ्या आहेत. मात्र पेरिप्लस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या परिसरावर राज्य करणाऱ्या मांबानोस या राजाचा उल्लेख आहे, तो नहपानच असावा असे बहुतेकांना वाटते, आणि हे प्रवासवृत्त इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचे आहे. मग ४६ हे वर्ष शकाचे नसून नहपानाच्या स्वतःच्या राज्यारोहणापासूनचे असावे, असा युक्तिवाद जो क्रिब आणि शैलेंद्र भंडारे यांच्यासारख्या नाणकशास्त्रज्ञांनी पुढे नेला, आणि तो मान्य केला तर गौतमीपुत्राचा काळ सुमारे अर्ध्या शतकाने मागे सरकतो.

अर्धे शतक म्हणजे फार नव्हे, असे कोणास वाटेल. पण पैठण, नेवासे, तेर, नाशिक आणि कोल्हापूर येथील सातवाहन थरांना सन दिले गेले ते याच नाण्यांच्या आधारे, त्यामुळे एका राजाची तारीख हलली की महाराष्ट्रभरच्या पांढरींचे थर एकदम सरकतात, आणि त्यांच्याबरोबर त्या थरांतली खापरे, मणी, काच, विटा आणि रोमशी चाललेल्या व्यापाराची चढउतारही. ब्रह्मपुरीची माती जागची हलत नाही. तिच्यावर लावलेले सनाचे लेबल तेवढे बदलते. नहपानाच्या बाबतीत नाण्यांचा आणि पेरिप्लसचा पुरावा अधिक वजनदार दिसतो आणि जुनी सनावळी सवयीने टिकून राहिली आहे, असे म्हणावे लागते.

ब्रह्मपुरीचे नाव सर्वाधिक गाजले ते मात्र थरांमुळे नव्हे, तर १९४४ मध्ये तेथे सापडलेल्या कांस्य वस्तूंच्या साठ्यामुळे. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी मूर्ती होती, रोमन बनावटीचा आरसा आणि सुरई होती, आणि त्यांच्या बरोबरीने भारतीय घडणीच्या कितीतरी वस्तू होत्या. अशा साठ्यावरून सातवाहनांच्या काळाला पक्के वर्ष मिळेल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. परंतु मूर्ती घडवली गेली ते वर्ष, ती जहाजातून कोकणच्या बंदरात उतरली ते वर्ष, घाट चढून कोल्हापुरात आली ते वर्ष आणि जमिनीत पुरली गेली ते वर्ष, ही चार वेगवेगळी वर्षे आहेत आणि त्यांत दोन-तीन पिढ्यांचे अंतर सहज असू शकते. पोसायडनची शैली इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची असली, तर एवढेच सिद्ध होते की साठा त्यापूर्वी पुरला गेलेला नाही. किती नंतर, हे सांगू शकला असता तो फक्त त्याच्या भोवतालचा थर. डेक्कन कॉलेजचे थरवार उत्खनन साठा सापडल्यानंतर झाले, ही या शोधाची मोठी हळहळ लावणारी बाजू आहे.

हीच गोष्ट १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे अधिक तीव्रतेने घडली. झाडाचे मूळ खणताना एका रहिवाशाला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव कांस्यशिल्पे मिळाली, ज्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक आहे. ती उत्तर-हडप्पा काळातील आहेत, असे पुष्कळांनी मानले; त्या धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून धर्मपाल अग्रवाल यांनी या निष्कर्षावर शंका घेतली. त्यानंतर एस. ए. साळी यांनी दायमाबादचे सविस्तर उत्खनन केले, तेव्हा तेथे इ.स.पू. २२०० च्या सुमारापासून १००० पर्यंतच्या पाच संस्कृतींचा क्रम लागला, पण तो क्रम आधीच सापडलेल्या वस्तूंना लावता येत नसल्याने शिल्पे त्यात नेमकी कोठे बसवायची हा प्रश्न तसाच राहिला.

थर आणि वस्तू यांच्याबरोबर या वादात तिसरे पात्र शिरते ते आपत्तीचे. भूकंप, महापूर, ज्वालामुखी किंवा दुष्काळ एकाच वेळी मोठ्या प्रदेशाला तडाखा देतो, म्हणून त्याची खूण दोन दूरच्या स्थळांवर ओळखता आली तर ते दोन थर समकालीन ठरतात, आणि एकाचे वर्ष माहीत असेल तर दुसऱ्याचेही कळते. क्लोद शेफर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने सीरियातील उगारितच्या अनुभवावरून १९४८ मध्ये पश्चिम आशियातील अनेक टेकाडांचे विध्वंसाचे थर एकमेकांशी जुळवले आणि त्यांना मोठ्या भूकंपांची खूण मानले. इमॅन्युएल वेलिकोव्हस्कीने १९५० च्या दशकाच्या आरंभी याच दिशेने टोकाची उडी घेतली. ग्रहांच्या जवळून जाण्याने पृथ्वीवर प्रलय घडले, असे सांगून त्याने इजिप्तच्या इतिहासातली शतकेच्या शतके गाळून टाकली. पीटर जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रलयाचा आधार न घेता, केवळ थर आणि खापरे यांच्या बळावर भूमध्य सागराच्या परिसरातील तथाकथित अंधारयुग फुगवलेले आहे, असा अधिक संयमित दावा केला. इजिप्तच्या थडग्यांतील बिया, वेत आणि कापड अशा अल्पायुषी वनस्पतींच्या कार्बन मोजणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि ते रूढ कालगणनेशीच जुळले, तेव्हा शतके कापून टाकणाऱ्यांची बाजू फारच लंगडी झाली.

तरीही मूळ कल्पना निरर्थक नव्हती. चूक होती ती जुळवणीच्या घाईत. जळालेला थर म्हणजे आक्रमण, वाळूचा थर म्हणजे प्रलय आणि कलंडलेली भिंत म्हणजे भूकंप, असे समीकरण मांडले की पुढचे सगळे आपोआप जुळू लागते. चुलीतली ठिणगी गवताच्या छपरावर पडली तरी गाव जळते. भारतात या मोहाचे ठळक उदाहरण हस्तिनापूरचे. १९५० ते १९५२ या काळात बी. बी. लाल यांना तेथे चित्रित करड्या खापरांच्या वस्तीवर गंगेच्या पुराची स्पष्ट खूण मिळाली आणि पुराणांत निचक्षू राजाने पुरामुळे हस्तिनापूर सोडून कौशांबीला राजधानी हलवल्याचा उल्लेख असल्याने त्यांनी दोन्हींची सांगड घालून महाभारत युद्धाचा काळ इ.स.पू. ९०० च्या आसपास अनुमानिला. पूर आला होता हे उत्खननाने दाखवले. तोच निचक्षूचा पूर होता हे दाखवायला गंगेच्या काठावर शतकानुशतके येत राहिलेल्या पुरांतून एकच वेगळा काढणारा पुरावा हवा, आणि तसा पुरावा मातीत नाही.

महाराष्ट्रात आपत्तीची चर्चा दुष्काळाभोवती फिरते. ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीची बहुतेक गावे इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली आणि घोड नदीकाठचे इनामगाव तेवढे इ.स.पू. ७०० पर्यंत तग धरून राहिले. शेवटच्या टप्प्यात तेथील चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवर भर वाढला; म. के. ढवळीकरांनी याचे कारण पाऊस घटण्यात शोधले. त्यानंतर ऐतिहासिक काळातील वस्ती सुरू होईपर्यंत काही शतकांची पोकळी दिसते. ही पोकळी नेमकी केवढी, हे ठरवताना प्रयोगशाळाही अडखळते, कारण वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण त्या काळात अशा रीतीने बदलत गेले की इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातील कोळशांचे मोजलेले वय जवळजवळ सारखेच निघते. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार असून सजीव मेल्यावर तो ठरावीक वेगाने, ५,७३० वर्षांत निम्मा होत, घटत जातो; झाडांच्या वार्षिक कड्यांशी ताडून त्या मोजणीची दुरुस्ती करावी लागते, पण या चार शतकांत ती दुरुस्तीही फारशी कामी येत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण नेमके याच धुक्यात सापडले आहे.

आपत्तीची सर्वांत स्वच्छ खूण म्हणजे ज्वालामुखीची राख, कारण ती काही दिवसांत पडते आणि तिच्यातील काचेच्या कणांची रासायनिक घडण प्रत्येक उद्रेकाची ओळख पटवते. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठावर अशी राख सापडली आणि तिच्या संदर्भात अश्युलियन म्हणजे हातकुऱ्हाडींच्या प्रकारची दगडी हत्यारे मिळाली, तेव्हा या हत्यारांचे वय आता कळणार असे वाटले. घडले उलटेच. १९८९ मध्ये पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले. पुढच्या मोजणीत ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांवर आले. काचेच्या रसायनावरून काहींनी ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची राख ठरवली. तर आणखी एका अभ्यासाने तिचे नाते टोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या उद्रेकाशी जोडले. एकाच गावच्या एकाच राखेला मिळालेल्या या चार वयांत जवळजवळ वीसपटीचा फरक आहे.

यामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. दख्खनचा बेसॉल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचे बारीक कण नदीच्या गाळात सर्वत्र मिसळलेले असतात. राखेच्या नमुन्यात असे थोडेसे कण जरी राहिले तरी अर्गॉनच्या मोजणीत वय भलतेच वाढते. दुसरे असे की राख आकाशातून पडली त्याच जागी राहिली की नदीने उचलून पुढे आणून टाकली, यावर सारे अवलंबून आहे. वाहून आलेल्या राखेवरून तिच्याजवळच्या हत्याराचे वय काढणे म्हणजे पुरात वाहून आलेल्या भांड्यावरून ते अडकलेल्या घराचे वय काढण्यासारखे आहे. शीला मिश्रा, शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर आदी अभ्यासकांनी या राखेवर वर्षेच्या वर्षे खर्ची घातली. दरम्यान तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अश्युलियन हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे निघाले, त्यामुळे ही हत्यारे भारतात फार जुनी आहेत हे बोरीच्या राखेविनाच स्पष्ट झाले. बोरीचा वाद मिटला नाही, पण भारतातील आदिमानवाचे वय ठरवण्याचे ओझे त्या राखेवरून उतरले.

मराठी वाचकाला या चर्चेत लोकमान्य टिळकांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात त्यांनी हिमयुगाच्या आपत्तीने उत्तर ध्रुवाजवळचे आर्यांचे मूळ वसतिस्थान नष्ट झाले, असा सिद्धान्त मांडला. त्या काळी हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वी संपले असे म्हणणारे ब्रिटिश मत आणि नायगारा धबधब्याच्या झिजेवरून ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले असे म्हणणारे अमेरिकन मत, यांत टिळकांनी दुसरे निवडले. आज हिमयुगाची अखेर ११,७०० वर्षांपूर्वी मानली जाते, म्हणजे भूगर्भशास्त्रातील त्यांची निवड अचूक होती; परंतु ध्रुवप्रदेशातून झालेल्या स्थलांतराला उत्खननांतून आधार मिळालेला नाही. आपत्तीचे वर्ष बरोबर असूनही तिच्यावर रचलेला इतिहास टिकला नाही, हे या थोर विद्वानाच्या ग्रंथातूनही दिसते, आणि ते मोकळेपणाने मांडणे हाच त्यांच्या ज्ञाननिष्ठेचा योग्य आदर ठरेल.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर नहपानाचा प्रश्न आणि पोसायडनच्या साठ्याचा प्रश्न, हे दोन्ही अजूनही पुराव्याने पुढे जाऊ शकतील असे आहेत. त्यासाठी न विस्कटलेल्या थरातून आलेले एखादे नाणे आणि त्याच थरातील धान्याचा जळका दाणा एकत्र मिळाला पाहिजे. शहरात जुनी घरे पाडून नव्या इमारतींसाठी खोल पाये खणले जात आहेत आणि काही ठिकाणी शेतकरी खत म्हणून पांढरीची माती शेतात नेऊन टाकतात, त्यात असे थर कोणाच्या दृष्टीस न पडता नाहीसे होत आहेत. पाया खणताना मोठ्या मापाच्या विटा, लाल-काळी खापरे किंवा शिशाची नाणी दिसली, तर ती उचलून घरी न नेता काम थांबवून पुरातत्त्व विभागाला किंवा टाउन हॉलमधील कोल्हापूर वस्तुसंग्रहालयाला कळवावे, आणि खड्ड्याची उभी भिंत तज्ज्ञ येईपर्यंत तशीच राहू द्यावी.